अभिजाताचा उंबरठा : प्राचीन भाषांच्या पदवी-अभ्यासाची चिकित्सा

१

प्राचीन भाषांच्या अध्ययनाची चर्चा बहुधा दोन टोकांवर होत असते. एका टोकाला वारशाचा गौरव असतो, तर दुसऱ्या टोकाला उपयुक्ततेचा हिशेब. एका पक्षाच्या दृष्टीने ग्रीक, लॅटिन किंवा संस्कृत न शिकणे म्हणजे संस्कृतीच्या मुळांशी फारकत घेणे होय. दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने या भाषांसाठी पदवीची तीन-चार वर्षे खर्ची घालणे ही सुस्थित वर्गालाच परवडणारी चैन आहे. दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसत असल्या, तरी त्यांचे एक गृहीत समान आहे. 'अभिजात' हा संहितेच्या अंगचा गुण असून पदवी-अभ्यासक्रम हे तो गुण विद्यार्थ्यापर्यंत पोचविणारे केवळ वाहन आहे, असे दोघेही मानतात. वस्तुतः कोणती संहिता, कोणत्या क्रमाने, कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचली जाते, यावर तिचे अभिजातपण बऱ्याच अंशी अवलंबून असते. अभ्यासक्रम अभिजाताची नुसती वाहतूक करीत नाही. तो अभिजात घडवीत असतो.

या दृष्टीने संज्ञांचा इतिहासही उद्बोधक आहे. रोमन समाजरचनेत 'क्लासिकुस' हा शब्द मालमत्तेच्या गणनेनुसार वरच्या वर्गात मोडणाऱ्या नागरिकाचा निर्देश करीत असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आउलुस गेलिउस याच्या लेखनात तो लेखकाला लावला गेला आणि त्याच्यासमोर 'प्रोलेतारिउस' लेखक उभा करण्यात आला. मराठीने या संकल्पनेसाठी जो 'अभिजात' शब्द पत्करला, त्याचा मूळ अर्थ 'उच्च कुळात जन्मलेला' असा आहे. एका शब्दाच्या मुळाशी संपत्ती आहे, दुसऱ्याच्या मुळाशी जन्म. वाङ्मयीन मूल्याची भाषा सामाजिक स्थानाच्या भाषेतून उसनी घेतलेली आहे, ही गोष्ट दोन्ही परंपरांत उघड आहे. म्हणून प्राचीन भाषांच्या पदवीची चिकित्सा करताना 'काय वाचावे' या प्रश्नाइतकाच 'कोणाला वाचू दिले गेले' हा प्रश्नही मूलगामी ठरतो.

२

या पदवीचा सर्वांत प्रतिष्ठित नमुना म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाचा 'लिटरे ह्यूमॅनिओरेस' हा अभ्यासक्रम होय. १८०० च्या परीक्षाविषयक नियमांतून त्याची वाटचाल सुरू झाली. १८५० च्या सुधारणांनी 'मॉडरेशन्स' ही मधली परीक्षा आणली आणि चार वर्षांच्या अभ्यासाचे दोन भाग पडले. पहिल्या पाच सत्रांत भाषा आणि वाङ्मय: होमर, व्हर्जिल, डिमॉस्थेनिस, सिसरो, अपठित उताऱ्यांचे भाषांतर, इंग्रजी गद्याचे ग्रीक व लॅटिन गद्यात रूपांतर. पुढील सात सत्रांत 'ग्रेट्स', म्हणजे प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान: हेरोडोटस, थ्युसिडिडीस, प्लेटोचे 'रिपब्लिक', अॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र आणि त्यांच्या जोडीला आधुनिक तत्त्वज्ञान.

या रचनेतील श्रेणीक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. काव्य आणि नाटक पूर्वार्धात येतात, विचार उत्तरार्धात. साहित्यकृती भाषेवरील प्रभुत्वाची कसोटी म्हणून वाचली जाते आणि ते प्रभुत्व सिद्ध झाल्यावर विद्यार्थी तिला मागे टाकून 'गंभीर' विषयांकडे वळतो. ग्रेट्सच्या अंतिम परीक्षेत साहित्याला स्वतंत्र स्थान मिळण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ज्या अभ्यासक्रमाने युरोपीय साहित्याच्या उगमस्थानांचे रक्षण केल्याचे मानले जाते, त्याच अभ्यासक्रमात साहित्य हे दीर्घकाळ साध्य नव्हते, साधन होते.

तथापि या पद्धतीचे एक वैशिष्ट्य तिच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. तीत मतप्रदर्शनापूर्वी वाचन येते आणि वाचनाचा वेग भाषाच ठरविते. थ्युसिडिडीसच्या भाषणांतील एखादे वाक्य उलगडताना कर्ता कोणता, विशेषण कोणाचे, क्रियापद विध्यर्थी का, याचा निर्णय केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि हा निर्णय व्याकरणाचा असतो तसाच अन्वयार्थाचाही असतो. व्याकरण आणि अर्थनिर्णयन यांची सीमारेषा इथे पुसट होते. आधुनिक समीक्षेने 'सूक्ष्म वाचन' म्हणून ज्याचा पुरस्कार केला, ते प्राचीन भाषेच्या विद्यार्थ्याला निवडीचा भाग म्हणून उपलब्ध नसते. त्याला दुसरे वाचन शक्यच नसते.

३

या पदवीच्या समर्थकांनी मात्र तिचे समर्थन सहसा या भूमीवर केले नाही. बौद्धिक शिस्त, चारित्र्य आणि प्रशासकीय क्षमता ही त्यांची आवडती कारणे होती. भारतीय सनदी सेवेची खुली स्पर्धापरीक्षा हे या विचारसरणीचे ठळक उदाहरण होय. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील ज्या समितीने १८५४ मध्ये या परीक्षेची रूपरेषा ठरविली, तिचे एक सदस्य ऑक्सफर्डचे ग्रीकपंडित बेंजामिन जाउएट होते. १८५५ च्या पहिल्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी ३७५. भारतावर राज्य करण्यासाठी भारताच्या प्राचीन भाषेपेक्षा युरोपची प्राचीन भाषा दुप्पट मोलाची ठरली. यात भाषांच्या अंगभूत योग्यतेविषयी काहीही सिद्ध होत नाही. विशिष्ट शाळांतून विशिष्ट पदवीपर्यंत पोचलेल्या तरुणांची भरती व्हावी, एवढाच त्या गुणांचा व्यावहारिक अर्थ होता.

दुसरा पुरावा स्त्रियांच्या शिक्षणाचा आहे. १८८७ मध्ये केंब्रिजच्या 'क्लासिकल ट्रायपॉस' परीक्षेत गर्टन महाविद्यालयाच्या अॅग्नाटा रॅमझी यांनी सर्व पुरुष परीक्षार्थींना मागे टाकले. पहिल्या वर्गाच्या सर्वोच्च विभागात त्या एकट्याच होत्या. तरीही त्यांना पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांना पूर्ण पदवी देण्याचा निर्णय त्या विद्यापीठाने १९४८ मध्ये अमलात आणला. ज्ञान मिळविणे आणि त्या ज्ञानाचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

प्रवेशाच्या अटी हळूहळू सैल झाल्या. सक्तीचे ग्रीक केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये रद्द केले. लॅटिनची अट दोन्ही ठिकाणी १९६० मध्ये गेली. यातून पदवीसमोर एक नवा प्रश्न उभा राहिला. शाळेत या भाषा न शिकलेला विद्यार्थी विद्यापीठात आला तर त्याचे काय करायचे? या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली आहेत आणि त्या दोहोंतील अंतर हाच आजच्या वादाचा गाभा आहे.

पहिले उत्तर असे, की भाषा पदवीच्या आतच आरंभापासून शिकवावी. त्यासाठी शिकविण्याची पद्धती बदलावी लागते. १९७० मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेला 'केंब्रिज लॅटिन कोर्स' आणि १९७८ चा 'रीडिंग ग्रीक' हे पाठ्यक्रम रूपावलींच्या पाठांतराऐवजी सलग मजकुराच्या वाचनावर भर देतात. ऑक्सफर्डनेही पूर्वतयारी नसलेल्यांसाठी वेगळा प्रवेशमार्ग निर्माण केला. दुसरे उत्तर असे, की भाषेची अटच काढून टाकावी. २०२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने अभिजातविद्येच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिन अनिवार्य राहणार नाही असे ठरविले. या निर्णयामागील भूमिका समावेशनाची होती आणि तिची टवाळी करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या विद्याशाखेने वर्णवर्चस्वाला आणि साम्राज्याला दीर्घकाळ प्रतिष्ठा पुरविली, हा आरोप निराधार नाही. मार्टिन बर्नाल यांच्या १९८७ पासून प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक अथीना'तील अनेक निष्कर्ष तज्ज्ञांनी खोडून काढले. पण एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वत्तेने ग्रीसची एक सोयीस्कर प्रतिमा रचली, हा त्यांचा मुद्दा त्या खंडनातूनही शिल्लक राहिला.

मात्र दुसऱ्या उत्तरात एक तार्किक घोटाळा आहे. दार अडविणारी गोष्ट भाषा नव्हती. ती भाषा आधी कोठे, कोणाला आणि किती पैशांत शिकता येत होती, ही होती. कुलूप काढण्याऐवजी दारच हलविले, तर आत येणारा पूर्वीच्या खोलीत पोचत नाही. शिवाय या उपायाचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. महागड्या शाळांतून भाषा शिकून आलेले विद्यार्थी मूळ संहिता वाचत राहतील आणि इतरांच्या वाट्याला भाषांतरे येतील. म्हणजे जी विषमता प्रवेशद्वाराशी उघड दिसत होती, ती वर्गाच्या आत अदृश्य होईल.

४

या वादाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध साम्यापुरता नाही. तो इतिहासाचा आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर आपली परीक्षापद्धती उभारली आणि तिच्यातील 'अभिजात भाषे'च्या जागी संस्कृत, फारसी, अरबी यांसारख्या भाषा आल्या. पुण्यात याआधीच संस्कृत अध्ययनाची एक संस्थात्मक परंपरा होती. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचे १८५१ मध्ये पूना कॉलेजात आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेजात रूपांतर झाले. पाठशाळेतील शास्त्राध्ययन आणि महाविद्यालयातील पदवी-अभ्यास यांच्यातील फरक केवळ इमारतीचा नव्हता. पहिल्यात विद्यार्थी एखाद्या शास्त्राच्या आत प्रवेश करी; दुसऱ्यात तो एखाद्या 'नेमलेल्या पुस्तका'समोर उभा राही.

या संक्रमणातून अध्ययनसाहित्याची एक नवी जात जन्माला आली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची 'मार्गोपदेशिका' आणि 'मंदिरान्तःप्रवेशिका', ब्यूलर व कीलहॉर्न यांच्या पुढाकाराने सुरू झालेली 'बॉम्बे संस्कृत सीरिज', वामन शिवराम आपटे यांचे १८८१ चे संस्कृत रचनाविषयक मार्गदर्शक पुस्तक आणि १८९० चा कोश, मोरेश्वर रामचंद्र काळे यांचे १८९४ चे व्याकरण, या सर्वांचा उद्दिष्ट वाचक महाविद्यालयीन विद्यार्थी होता. आपट्यांच्या पुस्तकातील इंग्रजी वाक्यांचे संस्कृतात रूपांतर करण्याचा अभ्यास हा ऑक्सफर्डच्या गद्यरचनेचा सख्खा भाऊ आहे. पण त्याच पुस्तकातील वाक्यविचार भारतीय व्याकरणाच्या कारकविचाराशीही नाते सांगतो. पदवीच्या गरजेपोटी दोन व्याकरणपरंपरा एका पुस्तकात शेजारी बसल्या.

काळे यांच्या कालिदासावरील आवृत्त्या या बाबतीत अधिक बोलक्या आहेत. 'कुमारसंभवा'च्या त्यांच्या आवृत्तीत मूळ श्लोक, मल्लिनाथाची टीका, इंग्रजी भाषांतर आणि टिपा एकत्र येतात. शेल्डन पोलॉक यांनी २०१४ मध्ये भाषाविद्येच्या तीन मिती मांडल्या: संहितेच्या निर्मितिकाळाचा अर्थ, परंपरेने तिला दिलेला अर्थ आणि आजच्या वाचकाला लागणारा अर्थ. ऑक्सफर्डच्या नमुन्यात पाचव्या शतकातील अथेन्स आणि आधुनिक वाचक यांच्यामधले अंतर एका उडीत ओलांडले जाई. मधली टीकापरंपरा तज्ज्ञांच्या तळटीपांपुरती उरे. मुंबईच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात मात्र मल्लिनाथ श्लोकाच्या लगेच खाली उभा होता. पदवी-अभ्यासाची ही देशी घडण युरोपीय नमुन्याहून एका अर्थाने समृद्ध होती. परंतु परीक्षेने या समृद्धीचा फारसा उपयोग केला नाही. भाषांतर करा, संदर्भ द्या, समास सोडवा, अशा प्रश्नांतून मल्लिनाथ हा अर्थाचा प्रतिपक्ष न राहता उत्तराचा पुरवठादार झाला.

दरम्यान, 'अभिजात भाषा' ही एकच जागा नसून अनेक जागा आहेत, हे याच विद्यापीठाच्या इतिहासाने दाखविले. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ अर्धमागधीचे अध्यापन केले. पाली आणि अर्धमागधी पदवीच्या अभ्यासक्रमात आल्या, तेव्हा प्राचीनतेचा अर्थच बदलला. यज्ञसंस्थेला आणि वर्णव्यवस्थेला प्रश्न विचारणाऱ्या परंपराही आता 'अभिजात' या शीर्षाखाली परीक्षेला बसू लागल्या.

५

या सर्व विवेचनाची खरी कसोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उदाहरणापाशी लागते. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही शाळेतील शिक्षकाने अस्पृश्य विद्यार्थ्याला ती भाषा शिकविण्यास नकार दिल्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अभिजात भाषेची अट आणि जातीचा निर्बंध यांची सांगड कशी बसते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल. विद्यापीठाच्या नियमांत संस्कृत सर्वांना खुले होते. वर्गात ते खुले नव्हते.

१९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी संस्कृत न जाणणाऱ्याने या विषयावर लिहावे का, या आक्षेपाला उत्तर दिले. संस्कृत वाङ्मयाचा फार मोठा भाग इंग्रजी भाषांतरांतून उपलब्ध आहे आणि पंधरा वर्षांच्या अभ्यासानंतर अशा भाषांतरांच्या आधारेही विवेचनाचा अधिकार प्राप्त होतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मूळ भाषेच्या अनिवार्यतेचा आग्रह धरणाऱ्या कोणत्याही भूमिकेला या युक्तिवादाचा सामना करावा लागतो. त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. कारण ज्या भाषेचे दार जन्माच्या आधारे बंद केले गेले, ती भाषा येत नाही या कारणास्तव बोलण्याचा अधिकारही नाकारणे म्हणजे एकाच अन्यायाची दोनदा वसुली करणे होय.

परंतु या ग्रंथातील प्रत्यक्ष युक्तिवादाची पद्धती पाहिली, की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. आर्यवंशाच्या सिद्धान्ताचे खंडन करताना आंबेडकर 'अर्य' आणि 'आर्य' या दोन शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लक्षात घेतात; हे शब्द ऋग्वेदात किती ठिकाणी, कोणत्या अर्थांनी आले आहेत याची गणना करतात; आणि त्यांपैकी कोठेही वंशाचा अर्थ निघत नाही, असे दाखवितात. येथे भाषांतर पुरेसे पडत नाही. एका मात्रेच्या फरकावर एका शतकाच्या विद्वत्तेची मांडणी तोलली जाते. अधिकाराचा दावा भाषांतराच्या आधारे केला असला, तरी निर्णायक क्षणी युक्तिवाद मूळ शब्दापर्यंत उतरतो. या दोन गोष्टींत विसंगती नाही. पहिली गोष्ट बोलण्याच्या हक्काची आहे, दुसरी पुराव्याच्या स्वरूपाची. हक्कासाठी मूळ भाषेची अट घालणे अन्याय्य आहे. पुराव्यासाठी मूळ भाषेपर्यंत जाणे अपरिहार्य आहे. पदवी-अभ्यासक्रमाविषयीच्या वादात या दोन पातळ्यांची सतत सरमिसळ होते.

पाली भाषेशी आंबेडकरांनी केलेला व्यवहार या निष्कर्षाला बळकटी देतो. उत्तरायुष्यात त्यांनी पालीचा व्यासंग केला, तिच्या कोशाची आणि व्याकरणाची सामग्री सिद्ध केली; ती पुढे त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाली. ज्याला एका प्राचीन भाषेच्या वर्गाबाहेर ठेवले गेले, त्याने दुसऱ्या प्राचीन भाषेत शिरण्याची साधने इतरांसाठी तयार केली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाला जो नवा सामाजिक आधार लाभला, त्याने अभिजात भाषेचे विद्यार्थी कोण असू शकतात या प्रश्नाचे उत्तर कायमचे बदलले.

६

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्यासोबत अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०१२ मध्ये नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी जी बाजू मांडली, तिच्यात माहाराष्ट्री प्राकृताशी असलेले मराठीचे सातत्य महत्त्वाचे होते. 'गाथासप्तशती' हा त्या सातत्याचा मोठा साक्षीदार. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीने ती मराठी वाचकाच्या आवाक्यात आणली. परंतु एखाद्या भाषेचे प्राचीनत्व ज्या संहितांच्या साक्षीने सिद्ध केले जाते, त्या संहिता मुळातून वाचू शकणारा वर्ग निर्माण होत नसेल, तर तो दर्जा अभिलेखागारातील नोंदीसारखा राहतो. संशोधनसंस्था कितीही समर्थ असली, तरी तिला लागणारा वाचक पदवीच्या वर्गातच घडतो. सप्तशतीतील एक गाथा सोडविताना 'ण' आणि 'न', लुप्त व्यंजने, देशी शब्द आणि टीकाकारांनी सुचविलेले परस्परविरोधी प्रसंग यांच्याशी झगडलेला विद्यार्थी पुढे संशोधक होवो वा न होवो. अर्थ आयता मिळत नाही, तो कमवावा लागतो आणि कमावल्यावरही तो वादग्रस्त राहतो, एवढे त्याला कळलेले असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची शक्यता निर्माण केली आहे. आरंभापासून भाषा शिकवून चौथ्या वर्षी संहितेपर्यंत पोचणारा अभ्यासक्रम त्या चौकटीत आखता येऊ शकतो. मात्र त्याची उभारणी गौरवाच्या पायावर होता कामा नये. ऑक्सफर्डच्या इतिहासाने दाखविले, की चारित्र्य आणि शिस्त यांच्या नावाने केलेले समर्थन सत्तेच्या सेवेत रुजू होते. प्रिन्स्टनच्या निर्णयाने दाखविले, की त्या इतिहासाचे ओझे असह्य झाले म्हणजे भाषेवरच पाणी सोडण्याचा मोह होतो. या दोहोंपलीकडची वाट मुंबई विद्यापीठाच्या परिसरातच अंशतः आखली गेली होती: श्लोकाखाली टीका ठेवणाऱ्या पानात, संस्कृतच्या शेजारी पाली आणि अर्धमागधी यांना जागा देणाऱ्या अभ्यासक्रमात, आणि वर्गाबाहेर ठेवल्या गेलेल्या एका वाचकाने एका मात्रेवर उभ्या केलेल्या युक्तिवादात. 'अभिजात' या शब्दातील जन्माचा अर्थ पुसून टाकण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग आहे. ज्याच्या घरात ती भाषा कधी शिरली नव्हती, त्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी वर्णमालेपासून ती शिकविणे आणि शेवटच्या वर्षी मल्लिनाथाशी मतभेद नोंदविण्याइतका समर्थ करणे.